चिंचेखालचे मेव्हणे

टक्… टक्… टक्…

त्या आवाजाच्या मागे मागे मी चिंचेपर्यंत पोचले. थोरल्या सिंहाच्या गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्याची खूण माझ्या रिसीव्हरवर वाजत होती, म्हणजे तो जवळच कुठेतरी होता. गाडी हळूच पुढे घेतली आणि पाहते तर — दोघे भाऊ सावलीत ऐसपैस पसरलेले. धाकटा सायकलची सीट चघळतोय. आणि वर, फांदीला मिठी मारून बसलेला एक माणूस.

"अहो बाई," तो वरून कुजबुजला, "घाई नाही काही… पण सकाळपासून बसलोय मी."

"सकाळपासून? तीन वाजलेत आता!"

"म्हणून तर म्हणतो, घाई नाही. सवय झालीय."

मला हसू आलं. किती दिवसांनी, कोण जाणे. मी गाडी झाड आणि सिंहांच्या मधोमध घातली. दोघे नाखुशीनं उठले, दहा पावलं लांब जाऊन बसले. तो धप्पकन टपावर उतरला आणि खिडकीतून आत घुसला. घाम, चिंचेचा पाला आणि ग्रीसचा वास.

"नाव काय तुमचं?"

"सुझगो."

"म्हणजे… तुमच्या भाषेत संकट?"

"आईला जुळं होणार म्हणून सांगितलं होतं. मी एकटाच दोघांएवढा निघालो." त्यानं मागे वळून पाहिलं. "आणि तुम्ही?"

"तमांडा. ही दोघं माझी आहेत."

"सिंह?"

"मी त्यांच्या मागावर असते."

"मग त्यांना सांगा, माझी सीट परत करा."

सुझगो गावोगावचे हातपंप दुरुस्त करायचा. डोंगरावरचा माणूस, सहा महिन्यांसाठी आमच्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात आलेला. पिशवीत चामड्याचे वायसर, पाने, आणि तोंडात न थांबणारी बडबड. मी मात्र चार वर्षं एकटी. आई गेली, बहीण लुसाकाला लग्न करून गेली, आणि मी सिंहांच्या नोंदी ठेवायला इथे तंबूत राहायला आले. आठवडे आठवडे बोलायला कोणी नसायचं. वहीत लिहायचं — आज कळप नदीकाठी, आज तीन पिल्लं, आज काहीच दिसलं नाही. त्या दोघांना नव्या नरांनी कळपातून हाकललं तेव्हापासून मी त्यांच्या मागे होते. तीन वर्षांचे, आयाळ अजून विरळ. घर नाही, हद्द नाही. दुसऱ्याच्या हद्दीतून जाताना गर्जनासुद्धा करायची नाही. ऐकू गेलं तर जीव जायचा.

मग सुझगोचे निरोप यायला लागले. तंबूमागच्या वारुळावर चढलं की फोनला रेंज यायची. मी दिवसातून एकदा चढायची. मग दोनदा… मग उगाचच.

"काल संध्याकाळी तुझी पोरं पंपाच्या डबक्यावर पाणी प्यायली. गावातल्या बायका मला विचारतात, हे कोणाचे? मी सांगितलं, माझे मेव्हणे."

मी लगेच उलट लिहिलं, "मेव्हणे कसे?"

"तू त्यांना भाऊ मानतेस ना? मग हिशेब तूच कर."

मी तो हिशेब रात्रभर केला नाही, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरच्या उन्हात नदी आटून वाळूच वाळू झाली. पहाटे आम्ही दोघं त्या वाळूतून ठसे बघत चालायचो. तो शिकत होता.

"हा धाकटा," तो खाली वाकून म्हणाला. "उजव्या पंजावर जोर कमी देतो."

"बरोबर."

"आणि हे?"

"ते… माझेच ठसे आहेत."

"माहीत आहे. किती सरळ रेषेत चालतेस गं. कुणाच्या वाटेला म्हणून जायचं नाही, असं." तो हसला नाही. मी खाली पाहिलं. माझ्या पावलांशेजारी त्याची पावलं होती, आणि ती मुद्दाम माझ्या बाजूला कललेली…

 

नोव्हेंबरात एका सकाळी पट्ट्याचा आवाज बदलला. टक्टक्टक्टक् — घाईघाईनं. चार तास पट्टा हलला नाही की तो असा वाजतो. मी सुझगोला फोन केला. फक्त "ये" म्हटलं.

थोरला मोपानीच्या झुडपात गार पडला होता. हरणासाठी कोणीतरी लावलेला तारेचा फास, त्याच्या गळ्यात, पट्ट्याच्या खाली. धाकटा शेजारी बसला होता. आम्हाला पाहून उठला नाही. मान खाली घालून हळू हळू, घशातल्या घशात हाक मारत होता. भावाला. थांबायचा, ऐकायचा. पुन्हा हाक.

मी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले.   सुझगो नुसता शेजारी बसून राहिला, ऊन कलेपर्यंत. माझं डोकं त्याच्या खांद्यावर कधी गेलं ते कळलं नाही.

दोन दिवसांनी धाकटा नदी ओलांडून गेला. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता.

आणि त्याच आठवड्यात सुझगोला परत बोलावणं आलं. पावसानं रस्ता बंद व्हायच्या आधीचा शेवटचा ट्रक. मी सोडायला गेले.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

"धाकटा पलीकडे एकटा आहे. त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही."

"आणि तुझ्यावर?"

ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. बायका आंब्यांच्या टोपल्या वर चढवत होत्या. 

"तूच ठेव," मी म्हटलं. "पण… लांबून नाही जमत रे ते. चार वर्षं मी लांबूनच बघतेय सगळ्यांना. जवळ यावं लागतं."

 त्यानं अगदी हळू विचारलं, "रस्ता कधी उघडतो?"

"मेमध्ये."

"मग मेमध्ये."

ट्रक गेला. पाऊस आला तो थांबलाच नाही. वारूळ खचलं, फोन मुका झाला. सकाळी एकटीसाठी मक्याच्या पिठाची न्शिमा रटरटत ठेवायची, वही उघडायची, आज काहीच दिसलं नाही. आधीही हेच होतं. तेव्हा ते इतकं लांबलचक नव्हतं. जानेवारीत धाकट्याचे ठसे एकदा दुर्बिणीतून पलीकडच्या चिखलात दिसले. एकटेच. पण ताजे. त्या दिवशी मी जेवले पोटभर.

एप्रिलच्या मध्यावर, सकाळी, तंबूबाहेर कोणीतरी खाकरलं.

गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पिशवी, हातात चपला. चार दिवस चालत आला होता.

"अरे… रस्ता अजून बंद आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.