कपाळाएवढी जागा

बाबांच्या खिडकीला काच बसवली त्या दिवशी लेकीचा तोरा काय विचारता! "माझ्या हातची आहे, बाबा. ऊन तापलं की आपोआप काळी होते आणि उष्णता बाहेरच्या बाहेर परतवते. निवलं की पुन्हा लख्ख. पडदा नको, वीज नको." तिच्या प्रयोगशाळेत त्या काचेवर केसाहून कितीतरी पातळ लेप चढवला होता.

"म्हणजे उन्हाचं फाटकच की!" बाबा म्हणाले. जन्मभर रेल्वेचं फाटक सांभाळलेला माणूस, त्यांना दुसरं काय सुचणार? लेकीला ते 'काचवाली' म्हणत. शेजारच्या काकूंना बोलावून बोलावून त्यांनी ती काच दाखवली.

बाबांची एक खोड होती. रस्त्याकडे तोंड असलेली ती एकच खिडकी, तिच्याशी वेताची खुर्ची टाकून ते बसत. लेक वळणावर दिसली की उठायचे, लॅच काढायचे, दार बोटभर उघडं ठेवायचे आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसायचे, जसे काही वाट बघतच नव्हते! "माणसाला फाटकाशी ताटकळत ठेवू नये," एवढंच म्हणायचे. त्या घराची घंटा तिने कधी वाजवली नव्हती.

चूक तिचीच होती. लेपात मिसळायचा धातू जरा जास्त पडला आणि काच नको तितकी हळवी झाली. सकाळचं ऊन जरा चढलं की काळी, ती दिवस कलेपर्यंत काळीच.

"अगं काचवाली, तुझी काच दिवसभर डोळे मिटून बसते," बाबा फोनवर म्हणाले.

"पण खोली गार राहते ना?"

"राहते गं. गारव्याचं काय लोणचं घालू? तू आलेली दिसत नाहीस."

"पुढच्या सुट्टीत बदलते. नक्की."

सबबींना काय तोटा! आज अहवाल, उद्या पाहुणे, परवा मशीन बिघडलं. मध्ये एकदा ती गेली तेव्हा तिला घंटा वाजवावी लागली. बाबा धडपडत आले आणि ओशाळून म्हणाले, "कळलंच नाही बघ." ते तिच्या जिव्हारी लागलं, पण काच तशीच राहिली.

एका दुपारी बाबा खुर्चीतच गेले.

"कपाळ काचेला टेकलेलं होतं गं," काकू म्हणाल्या. "बाहेरचं काही दिसतंय का बघत असतील."

घर आवरायला ती आली ती ऐन उन्हाळ्यात. काच काळीठिक्कर पडली होती. फक्त बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर तळहाताएवढी जागा स्वच्छ होती. वाकून पाहिलं तर तिच्यातून रस्त्याचं वळण दिसत होतं.

लेप उडाला असणार, तिने स्वतःला समजावलं. भिंग लावलं. लेप शाबूत होता. मग बोट टेकवून पाहिलं. बाकीच्या काचेचा चटका बसत होता आणि तेवढी जागा मात्र गार होती. बाहेरून कसली तरी सावली पडत असेल म्हणून तिने अंगण पालथं घातलं. सावली कशाचीच नव्हती. शेवटी तिने खुर्ची खिडकीच्या दुसऱ्या कडेला सरकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वच्छ जागा खुर्चीसमोर होती.

भीती वाटली का? वाटली तर! पण त्याहून जास्त रडू आलं. अजून वाट बघतायत, आणि तीसुद्धा एवढ्याशा भोकातून! मेले, शब्द दिला होतास ना, मग काय झालं होतं तुला, असं ती स्वतःलाच बोलत राहिली.

साधी काच आणून बसवणं काही अवघड नव्हतं. पण साध्या काचेवर काहीच उमटणार नव्हतं. ही काढली, तर बाबा तिथे आहेत की नाहीत हे तिला पुन्हा कधीच कळणार नव्हतं. राहू दिली, तर त्यांना धड रस्ता दिसणार नव्हता. ती पुष्कळ घुटमळली. अखेर तिने सुताराला बोलावलं.

काच उतरवताना सुताराने हात झटकन मागे घेतला.

"ताई, इथे बर्फ लावला होता का?"

"नाही."

मग काम त्याने भराभर उरकलं.

नवी काच बसली. सगळा रस्ता खोलीत आला.

"बघा बाबा, दिसतंय?" ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. फार उशिरा म्हणाली, हे तिचं तिलाच कळत होतं.

टेम्पो वळणावर उभा होता. दार ओढून घेऊन ती सुताराबरोबर जुनी काच धरून तिथवर गेली. टेम्पोत ठेवली तोवर उन्हाने काच काळी झाली होती. सगळीच्या सगळी. स्वच्छ जागा कुठेच नव्हती.

टेम्पो गेला. ती परत निघाली.

खिडकीत ऊन होतं. आत रिकामी खुर्ची दिसत होती.

दाराशी येऊन तिने किल्लीसाठी पर्समध्ये हात घातला.

आतून लॅच सरकलं.

दार बोटभर उघडलं आणि तसंच थांबलं.

मग आत, खिडकीपाशी, वेताची खुर्ची करकरली.