चीनहून आलेली काच

शहाद्याच्या बाजारपेठेत जेठमल शेठचं टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे. तक्रारी तिथे रोजच्याच. कुणाचा रिमोट चालत नाही, कुणाचा आवाज घोगरा येतो, कुणाचा टीव्ही विजेच्या झटक्यात बंद पडलेला. त्यामुळे कळसाडीच्या दगूबाईंनी ‘पडद्यावर ठिपका शे’ असा निरोप धाडला, तेव्हा शेठचा मुलगा जिनेश याला त्यात काही वावगं वाटलं नाही. एरवी त्याने कारागीर पाठवला असता. पण दगूबाई म्हणजे गोपालची आई, आणि गोपाल शाळेत त्याच्याच बाकावर बसायचा. तो स्वतःच निघाला.

गोपाल आता चीनमध्ये होता. टीव्हीचे आणि मोबाइलचे पडदे बनवणारी तिथली एक मोठी कंपनी. तिने त्याला पुण्याजवळच्या कारखान्यातून उचलून तिकडे नेलं होतं. काम एकच. अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि समोरून सरकणाऱ्या उजळलेल्या काचांवर कुठे डाग आहे का ते बघायचं. वडील, रतिलालभाई, वारल्यावर आई घरात एकटी, म्हणून त्यानेच जिनेशला फोन करून टीव्ही द्यायला सांगितला होता. टीव्हीवर नाव कुठल्याही कंपनीचं चालेल, म्हणाला, फक्त आतली काच आमच्या कंपनीची बघ. माझ्या नजरेखालून गेलेलं काहीतरी आईसमोर असू दे.

चैत्राचं ऊन होतं. कळसाडीची गल्ली दारं लावून पडली होती. दगूबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि टीव्ही लावला. पडद्याच्या बरोबर मध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका होता. मालिकेतल्या सुनेच्या कपाळावर तोच, बातम्यांच्या पट्टीच्या वरही तोच. काचेतला एखादा बिंदू निकामी झाला की असं होतं. जिनेशने फोटो काढला, कंपनीकडे तक्रार टाकतो म्हणाला. दगूबाई नको म्हणाल्या. त्यांना फक्त विचारायचं होतं, की हा ठिपका मोठा होतो का?

असा ठिपका कधी वाढत नसतो, जिनेशने सांगितलं.

आठवडाभराने शेजारच्या गिरधरचा फोन आला. दगूबाई दिवसभर दार लावून बसतात, शेतात फिरकत नाहीत, भाऊबंदांशी बोलत नाहीत. आतून टीव्हीचा आवाजही येत नाही, पण फटीतून उजेड दिसतो. तू एकदा ये.

जिनेश गेला तेव्हा दुपार कलत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सगळ्या खिडक्यांना गोधड्या लावलेल्या, आणि त्या अंधारात टीव्ही राखाडी उजेड ओतत होता. कुठलाही चॅनल नाही, केबलची तारही जोडलेली नाही, नुसता राखाडी पडदा. खोलीत नव्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास कोंडला होता. जिनेशला नवल वाटलं. टीव्ही बसवून महिने झाले होते, खोकं तर त्याच दिवशी दुकानात परत गेलं होतं.

ठिपका आता ठिपका राहिला नव्हता. हाताच्या पंजाएवढा माणूस होता तो. डोक्यापासून पायापर्यंत, काचेच्या कारखान्यात घालतात तसल्या पांढऱ्या कपड्यात झाकलेला, डोळ्यांपुरती फट तेवढी उघडी. त्या राखाडी पोकळीत तो चालत होता, सरळ त्यांच्याकडे तोंड करून. घाई नव्हती. कान दिल्यावर आवाजही ऐकू आला. गुळगुळीत फरशीवर रबरी तळवे चिकटून सुटावेत तसा... चिक... चिक...

“बठ भाऊ,” दगूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “मन्हा आंडोर यी ऱ्हायना.” मुलगा येतो आहे, म्हणे.

कुणीतरी बनवलेलं चित्र असेल, शेजाऱ्याच्या मोबाइलवरून येत असेल, असं काहीबाही जिनेशने सांगून पाहिलं. दगूबाईंनी नुसतं बोट दाखवलं. तो माणूस डावा खांदा जरा पुढे टाकून चालत होता. शाळेच्या मैदानावर गोपाल तस्साच चालायचा. जिनेशने लांबूनही त्याला त्या खांद्यावरूनच ओळखलं असतं.

तेवढ्यात खाटेवरचा मोबाइल वाजला. चीनहून गोपालच बोलत होता, व्हिडिओवर. दगूबाईंनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. जिनेशनेच तो घेतला. अंधाऱ्या खोलीत बसलेला गोपाल. गाल बसलेले, चेहऱ्यावर समोरच्या काचांचा उजेड. कसा आहेस, वगैरे त्याने विचारलंच नाही.

“जिनेश, तो टीव्ही आजच घरातून काढ.”

जिनेशने त्याला ठिपक्याबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं. दगूबाई तर, गिरधर म्हणत होता तसं, कुणाशीच बोलत नव्हत्या.

“तुला कुणी सांगितलं?”

“आमच्याकडे असा ठिपका दिसला की काच जागेवरच फोडतात. का, ते विचारायचं नसतं...” गोपालने एकदा मागे वळून पाहिलं. “आईला जास्त बघू देऊ नकोस.”

फोन कटला. दगूबाई शांतपणे बोलल्या.

“फोनवरला तो मानूस शाळानं मराठी बोलस. मन्हासंगे मन्हा आंडोर कधी असा बोलना का? मी त्याले जनम दिन्हा. माले नही समजत?”

जिनेशने मोबाइल खाली ठेवला. कुणाचं ऐकावं? मित्राचा चेहरा त्याने आत्ता डोळ्यांनी पाहिला होता, आणि मित्राची चाल समोर पडद्यावर होती. त्याने पुन्हा वर पाहिलं. तेवढ्या बोलण्यात पांढरा माणूस इतका जवळ आला होता, की पडद्यात छातीपर्यंतच मावत होता. त्याने एक हात वर केला, हातमोज्यातला, आणि दार अंधारात चाचपावं तसा काचेवर आतून टेकवला.

जिनेशने धावत जाऊन प्लग उपटला.

पडदा काळा झाला. हाताच्या जागी वाफ धरली होती. जिनेशने रुमालाने पुसली, जोर लावून पुसली. ती जाईना. ती काचेच्या आतल्या बाजूला होती.

दगूबाई आकांत करतील असं त्याला वाटलं होतं. पण भिंतीवरून टीव्ही उतरवताना त्या बाजूला झाल्या, उलट दार धरून उभ्या राहिल्या. जिनेशने माफी मागितली, दुसरा नवा टीव्ही आणून लावतो म्हणाला. त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्यासारख्या.

“लई जाय भाऊ. आते त्यानं काय काम?”

तेव्हा जिनेशला ते बोलणं समजुतीचं वाटलं. शहाद्याच्या वाटेवर एका बांधाशी गाडी थांबवून त्याने ती काच दगडाने फोडली. तुकड्यांत काही नव्हतं, नुसती काच. ते गोळा करून त्याने पोत्यात बांधले. त्या रात्री काम झाल्याचं त्याने गोपालला कळवलं. सुट्टी मिळाली आहे, मी घरी येतोय, एवढंच गोपालने उलट लिहिलं.

गोपाल आला त्या दिवशी गिरधरने पुन्हा जिनेशला बोलावून घेतलं. भर दुपारी तो कळसाडीला पोचला तेव्हा गोपाल स्वतःच्याच घराच्या ओट्यावर बॅग घेऊन बसला होता. उन्हाने डोळे बारीक झालेले, ओठ सुकलेले. गिरधर म्हणाला, सकाळपासून हा असाच हाका मारतोय आणि म्हातारी दार उघडत नाही. गल्ली तिला नावं ठेवते आहे. तूच समजाव.

जिनेशने कडी वाजवली. “काकू, गोपाल आलाय.”

“माले माहीत शे,” आतून दगूबाईंचा आवाज आला. सुखात असलेल्या बाईचा आवाज. “जेवी ऱ्हायना तो.”

आत ताटलीवर वाटी टेकल्याचा आवाज झाला. कुणीतरी पाणी प्यायलं. जिनेशने गोपालकडे पाहिलं. गोपाल उठला, दाराला दोन्ही तळवे लावून त्याने फटीशी तोंड नेलं. त्याचे डोळे भरून आले होते.

“माय... घरमा कोन शे?”

ताटलीचा आवाज थांबला. गिरधर केव्हाच ओट्यावरून खाली उतरून गल्लीत जाऊन उभा राहिला होता.

मग दारापलीकडून, अगदी जवळून, गोपालचाच आवाज आला. भ्यालेला, रडवेला.

“माय... बाहेर कोन शे?”

आणि आतून दाराची वरची कडीही लागली.