बरणीतलं शुद्ध पाणी

"सूड घ्यायचा तर असा घ्यायचा, की पुन्हा कुणाला शहाणपण शिकवायची त्याची छाती होता कामा नये," चिमटी म्हणाली.

ती, तिचा मावसभाऊ ढब्बू आणि शेजारचा पण्या असे तिघे बंद खानावळीच्या पायरीवर बसले होते. पण्याचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून तो पण्या. ढब्बूचं नाव त्याच्याकडे बघितलं की कळायचं, पण हल्ली आजारपणाने बिचारा निम्मा झाला होता. आणि चिमटीने एखादी गोष्ट एकदा धरली की ती सुटत नसे.

खानावळ ढब्बूच्या आईची, म्हणजे चिमटीच्या मावशीची. सुट्टी लागली की चिमटी इथेच येऊन राहायची. या वर्षी ती आली आणि त्याच आठवड्यात खानावळीत जेवणारे कारखान्यातले कामगार उलट्या-जुलाबांनी आडवे झाले. ढब्बूसुद्धा. मावशी म्हणाली, पाण्यातच काहीतरी आहे, गावातही घरोघरी एखाददुसरा आजारी आहेच. त्यावर पाणीखात्याचे मोठे साहेब स्वतः आले. त्यांना सगळे पाणीसाहेब म्हणत. त्यांनी चौकातल्या भल्यामोठ्या बोर्डाकडे बोट दाखवलं. टेकडीवरच्या टाकीत बसवलेला सेन्सर पाणी तपासायचा आणि निकाल त्या बोर्डावर दिवसरात्र झळकायचा. तापमान अमुक, शुद्धता उत्तम, वर हिरवा दिवा.

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई. आधी हात धुवायला शिका," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले आणि दाराला सील लागलं.

धुऊन धुऊन मावशीच्या हातांना भेगा पडल्या होत्या. ती नुसती हातांकडे बघत राहिली. ते चिमटीला फार झोंबलं होतं. उद्या नगराध्यक्षबाई पाहणीला येणार होत्या. त्यांनी साहेबांचं ऐकलं की खानावळ कायमची बंद.

"पण बोर्डावरचं पाणी एवढं गार कसं?" पण्या म्हणाला. कोपऱ्यावरच्या नळाखाली हात धरून त्याचा तळवा लाल झाला होता. "टाकी दिवसभर उन्हात तापते. नळाचं पाणी चटके देतंय आणि बोर्ड म्हणतोय गारेगार."

"बोर्डाला पंखा लावला असेल," ढब्बू म्हणाला.

"पण सुट्टीच्या दिवशी बोर्डावरचं पाणीही तापलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं आणि ते पुन्हा गार झालं."

"पाणी काय ऑफिसला जातं?" ढब्बूला हसू आवरेना.

चिमटी मात्र ताडकन उठली. "जात असेल तर? चला, बघूनच येऊ."

पाणीखात्याच्या कंट्रोल रूममध्ये एसीने हुडहुडी भरत होती. खुर्चीतल्या ऑपरेटरने त्यांना हाकललं नाही. सुट्टीतला प्रकल्प आहे म्हटल्यावर तो खूश झाला आणि पडद्यावरचे आकडे समजावत बसला. पण्या त्याला एकामागून एक 'पण' विचारत राहिला. पाण्यात जरा आंबट काही मिसळलं तरी बोर्ड लाल होतो, हेही त्याने सांगून टाकलं. तेवढ्यात चिमटीने यंत्रातून निघालेल्या एका काळ्या वायरचा माग काढला. वायर खिडकीच्या पडद्यामागे गेली होती. तिथे काचेची एक बरणी होती, बरणीत स्वच्छ पाणी आणि त्या पाण्यात बुडवलेला सेन्सर. शेजारी विकतच्या पाण्याची बाटली.

टाकीत सेन्सरवर शेवाळ बसायचं, तो सारखा बोंबलायचा, आणि टेकडी चढून तो पुसायचा कोणी? साहेबांनी सरळ त्यालाच खाली आणून थंड हवेत बसवला होता.

"चोर लेकाचा," बाहेर आल्यावर चिमटी म्हणाली. "माझ्या मावशीचे हात घाण म्हणे!"

"पण आत्ताच जाऊन सांगूया ना."

"आपलं कोण ऐकतंय? आपण बाईंपर्यंत पोचेपर्यंत बरणी गायब होईल. हे त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे, चारचौघांत."

"पण टाकीच्या पाण्यात आपण काही टाकायचं नाही हं."

"टाकीला बोटसुद्धा लावायचं नाही. ढब्बू, घरात व्हिनेगर आहे?"

दुसऱ्या दिवशी चौक गच्च भरला. गंमत बघायला ऑपरेटरही खुर्ची सोडून आला. त्याला पाहिल्यावर ढब्बू पोटाशी बाटली धरून पाणीखात्याकडे सटकला.

"बोर्ड बघा, बाई," पाणीसाहेब नगराध्यक्षबाईंना सांगत होते. "हिरवा दिवा. टाकीतल्या पाण्याचा क्षणाक्षणाचा हिशोब. यंत्र खोटं..."

बोर्ड लालभडक झाला आणि भोंगा वाजू लागला. अक्षरं आली : पाणी पिण्यास अयोग्य.

कुणीतरी हातातला पेला फेकून दिला. बायका पोरांना नळापासून ओढू लागल्या.

"ताबडतोब पाणी बंद करा," नगराध्यक्षबाई कडाडल्या. "दवाखान्याला कळवा. टाकीत विष पडलंय की काय?"

"अहो, नाही, टाकीला काही झालेलं नाही."

"यंत्र खोटं बोलत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

साहेबांना दरदरून घाम फुटला. "बाई, टाकीचा काही संबंधच नाही! कोणीतरी बरणीत काहीतरी ओतलंय!"

चिमटी गर्दीतून पुढे आली. तिने या क्षणाची वाट पाहिली होती आणि तो तिला हवा तसाच मिळाला.

"कसली बरणी, साहेब?" तिने गोड आवाजात विचारलं.

मावशीने समोरच्या नळाचं पाणी पेल्यात भरलं आणि साहेबांपुढे धरलं. "तुमच्याच टाकीतलं आहे. घ्या." साहेबांनी हात मागे घेतले. मग कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

संध्याकाळपर्यंत टाकीवर माणसं चढली. झाकण फुटलेलं होतं आणि आत कुजलेली कबुतरं होती. टाकी रिकामी झाली, साहेब निलंबित झाले, सील निघालं. "आमच्या डोळ्यांवर झापडं होती, ती या पोरांनी काढली," नगराध्यक्षबाईंनी मुलांच्या पाठी थोपटल्या आणि नव्या सेन्सरवर लक्ष ठेवायचं काम पण्याला दिलं. मावशीने मात्र व्हिनेगरची अख्खी बाटली संपवल्याबद्दल तिघांना रागावून घेतलं. मग आत जाऊन ती बराच वेळ रडली.

धुतलेली टाकी पुन्हा भरली त्या दिवशी खानावळीत उभं राहायला जागा नव्हती. जेवणं ऐन रंगात आली असताना पाणीसाहेब दारात आले. माफी मागायला त्यांना नगराध्यक्षबाईंनीच पाठवलं होतं. पानं वाढणारे हात थांबले. साहेब मान खाली घालून उंबरठा ओलांडणार, इतक्यात चिमटी आडवी आली.

"थांबा," ती म्हणाली आणि तिने कोपऱ्यातल्या नळाकडे बोट दाखवलं. "आधी हात धुवा."

सगळी खानावळ बघत होती. साहेबांनी हात धुतले.