शिडीखालच्या चपला

मयुरी रोहण्याहून आर्वीला आली तेव्हा तिच्या हातात नवऱ्याचा फोटो होता आणि डोळे रडून सुजलेले होते. यामिनीताई भोयर यांनी तिला घरात घेतलं, पाणी दिलं आणि आपल्या समोर बसवलं.

यामिनीताईंचं निम्मं आयुष्य विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्या तपासण्यात गेलं होतं. आता त्या स्वतःच लोकांचे शोध लावत. त्यांचे यजमान कृष्णकांत जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. गाडी चालवणं, फोन लावणं आणि सगळ्यांच्या आधी चुकीचा निष्कर्ष काढणं, ही खाती त्यांच्याकडे होती.

मयुरीचा नवरा धम्मदीप बल्कर चालवायचा. बंदरावर जहाजातून उतरलेलं सुटं सिमेंट लांबुडक्या टाकीत भरायचं आणि अख्खा महाराष्ट्र ओलांडून तळेगावला रस्त्याच्या कामावर आणून ओतायचं, असा त्याचा धंदा. सोमवारी दुपारी त्याने तळेगावहून फोन केला होता. माल खाली झाला, गाडी कारंजाच्या यार्डात लावतो आणि घरी येतो, असं म्हणाला. त्यानंतर फोन बंद. आज बुधवार उजाडला होता.

यार्डाचा मॅनेजर सांगत होता की धम्मदीप नागपूरच्या बसने निघून गेला. गावातल्या बायांनी त्या बसमध्ये एक दुसरी बाईही बसवून टाकली होती.

"थो पळून जाणारा माणूस नाई, ताई," मयुरी म्हणाली. "आज त्याले कारंजाच्या ठाण्यात जायचं होतं. काऊन जायचं, ते घरी आल्यावर सांगतो म्हणे."

मग ती जरा थांबली. पुढचं बोलायची तिला भीती वाटत होती. यार्डातल्या लोकांनी तिला सांगितलं होतं की धम्मदीपच्या गाडीत भूत शिरलं आहे आणि रिकाम्या टाकीतून ठोकल्याचा आवाज येतो.

यामिनीताईंनी भुताबद्दल काहीच विचारलं नाही. धम्मदीप पायात काय घालतो, एवढंच विचारलं. मयुरी गोंधळली. एकच चपलांची जोडी होती, म्हणाली. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा तिनेच निळ्या दोऱ्याने शिवून दिला होता.

कृष्णकांतांना हा प्रश्न काही कळला नाही. पण संसारात त्यांना न कळलेल्या प्रश्नांची संख्या मोठी होती, म्हणून त्यांनी मुकाट्याने गाडी काढली.

यार्ड कारंजाच्या पुढे, हायवेला लागून होतं. थंडीचे दिवस, दुपारची वेळ, शेजारच्या ढाब्यावर फोडणीचा वास. रिकामे बल्कर ओळीने उभे होते आणि प्रत्येकाच्या टाकीवरचं झाकण उघडं टाकलेलं होतं. एकच गाडी बाकीच्यांपासून दूर, कुंपणाकडे लावली होती. तिचं झाकण मात्र घट्ट बसवलेलं होतं. काचेच्या आत बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि बाहेर बंपरला ताजी लिंबू-मिरची लटकत होती.

त्या गाडीच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. बाकी गाड्यांच्या सावलीत ड्रायव्हर जेवत होते, आणि सगळे तिकडे पाठ करून बसले होते. मयुरी फाटकापाशीच थबकली. 

मॅनेजर अभिराम मालकाचा पुतण्या होता, तिशीतला, बोलायला गोड. त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर खिळ्यांना गाड्यांच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या. गाडी आत आली की किल्ली इथे, हा यार्डाचा नियम, असं त्याने सांगितलं. धम्मदीपची किल्ली सोमवार संध्याकाळपासून त्याच खिळ्याला होती आणि ती आत्ताच त्याने प्रफुल्ल या दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती दिली होती. गाडी आज बंदराकडे निघणार होती.

"सोमवारी माझ्यासमोर गेला तो," अभिराम म्हणाला. "किल्ली टेबलावर ठेवली आणि चपला फटफटवत रस्त्याकडे निघाला. घरच्यांना वाईट वाटेल, पण मी काय करू?"

आवाजाचं त्याने हसण्यावारी नेलं. लोखंड उन्हाने तापतं, सांजच्याला निवतं, तेव्हा वाजतंच. लोक घाबरले म्हणून त्यानेच लिंबू-मिरची आणून बांधायला दिली होती आणि भुताची शांती होईपर्यंत गाडीजवळ जाऊ नका, असंही सांगितलं होतं.

प्रफुल्ल त्या गाडीच्या दाराशी वळकटी धरून उभा होता, पण आत चढत नव्हता. यामिनीताईंनी विचारायला सुरुवात करताच त्याला घाम फुटला. धम्मदीपशी त्याचं महिनाभर बोलणं नव्हतं, हे त्याने स्वतःच कबूल केलं. भांडण लिंबाचं. प्रफुल्ल जी गाडी चालवी तिला लिंबू-मिरची बांधी. मग ती धम्मदीपकडे आली की तो कापून फेकून देई, आमच्यात हे चालत नाही म्हणे.

भांडणाहून मोठं संकट दुसरंच होतं. मागच्या महिन्यात तळेगावजवळ प्रमिलाबाई नावाच्या भाजीवालीला बल्करने उडवलं आणि ती जागीच गेली. यार्डाच्या वहीत ती गाडी त्या दिवशी प्रफुल्लच्या नावावर लिहिलेली होती, म्हणून केस प्रफुल्लवर.

"मी त्या दिवशी घरी तापानं फणफणून राह्यलो होतो, ताई. गाडी कोणं नेली, मले नाई मालूम. अन आता ही भुताची गाडी मीच न्यायची. काऊन मीच?"

कृष्णकांतांनी बायकोकडे अर्थपूर्ण पाहिलं. धम्मदीप आज ठाण्यात प्रफुल्लविरुद्धच जबाब द्यायला जाणार होता, हे त्यांना लख्ख दिसलं.

यामिनीताईंनी केबिनचं दार उघडून आत डोकावलं. सीटच्या मागे स्टोव्ह, पिठाचा डबा, पाण्याचा कॅन, आणि अगदी तळाशी ढकललेल्या चपला. एका अंगठ्याला निळा दोरा. त्यांनी फाटकाकडे नजर टाकली, मयुरीला दिसलं नाही याची खात्री केली आणि दार हळूच लावून घेतलं.  

राहिला चौकीदार रामाजी. म्हातारा लोखंडी दांडा घेऊन यार्डभर फिरायचा आणि टायर ठोकून हवा पाहायचा. यामिनीताईंनी त्याला विचारलं की ड्रायव्हर टाकीत कधी उतरतात.

माल खाली झाला की कोपऱ्यात सिमेंट चिकटून राहतं, त्याने सांगितलं. ते खरवडायला आत उतरावं लागतं. उतरणारा माणूस शिडीखाली चपला काढून ठेवतो. चपला दिसल्या की झाकणाला कोणी हात लावत नाही आणि इंजिनलाही नाही. हा यार्डाचा कायदा कोणी लिहिला नव्हता, पण मोडतही कोणी नव्हतं.

"सोमवारी शिडीखाली चपला होत्या?"

"मी ढाब्यावर चहाले गेलतो. वापस आलो तवा चपला नव्हत्या, अन झाकण बंद. म्हनून तं मले समजलं, आत कोणी नाई."

"आणि आवाज?"

रामाजीने आधी अभिरामच्या खोलीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"काल मी टायर ठोकून राह्यलो होतो. सहज तीनदा ठोकलं. अन आतून तीनदा वाजलं, ताई. मी म्हतलं, भास असंल. मंग दोनदा ठोकलं. आतून दोनदा. दांडा टाकून मी जो पळालो, तो अजून तिकडं गेलो नाई. आज सकाळपासून तं काईच आवाज नाई."

त्याच क्षणी कुंपणाकडून इंजिनाचा धडधडाट आला. अभिरामने दटावून प्रफुल्लला गाडीत बसवलं होतं.

यामिनीताई धावल्या. साठीकडे झुकलेली बाई साडीचा ओचा धरून धावते आहे, हे पाहून ड्रायव्हर जेवणावरून उठले. त्या सरळ बल्करच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. कृष्णकांतांना काहीही कळलेलं नव्हतं, तरी तेही धापा टाकत त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

इंजिन बंद झालं. यामिनीताईंनी रामाजीचा दांडा घेतला आणि टाकीच्या पोटावर दोनदा ठोकलं.

काहीच नाही. ढाब्यावरचं गाणंही कोणीतरी बंद केलं. मयुरी कधी येऊन पाठीशी उभी राहिली ते कोणाला कळलं नाही. तिला आता सगळं कळलं होतं.

यामिनीताईंनी पुन्हा ठोकलं. दोनदा.

बऱ्याच वेळाने आतून एक बारीक आवाज आला. मग दुसरा.

ड्रायव्हर दचकून मागे सरले. प्रफुल्ल मात्र शिडीवर चढला, मनात भीती होती तशीच घेऊन. झाकणाचे नट काढताना तो रडत होता. धम्मदीपला बाहेर काढलं तेव्हा तो सिमेंटने राखेसारखा करडा झाला होता, ओठ फुटले होते, पण छाती हलत होती. मयुरीने पदर भिजवून त्याच्या तोंडावर धरला आणि अॅम्ब्युलन्समध्ये त्याचा हात सोडला नाही.

अभिराम फाटकातून निसटायच्या बेतात होता. ड्रायव्हरांनी वाट अडवली. कृष्णकांतांनी बोलावलेले पोलीस आले, तेव्हा सगळे त्याच किल्ल्यांच्या खोलीत जमले.

कृष्णकांतांना राहवेना. "पण लोखंड वाजतं हे खरं ना?"

"वाजतं की," यामिनीताई म्हणाल्या. "पण लोखंडाला मोजता येत नाही. तीनाला तीन आणि दोनाला दोन देणारा आत जिवंत माणूसच असतो. टाकी एवढी मोठी की हवा पुरली, आणि दिवस थंडीचे म्हणून तो तगला. उन्हाळा असता तर आपण प्रेत काढलं असतं."

मग त्यांनी एकेक गाठ सोडवली. बाकी सगळ्या रिकाम्या गाड्यांची झाकणं उघडी होती, हिचंच आवळलेलं होतं. धम्मदीप आत खरवडत असताना कोणीतरी ते लावलं. लोखंडाच्या टाकीत फोनलाही रेंज नव्हती. पण शिडीखाली चपला राहिल्या असत्या तर पहिल्याच माणसाने झाकण उघडलं असतं. म्हणून चपला हलवाव्या लागल्या. रामाजी चहा संपवून येत होता, लांब नेऊन टाकायला वेळ नव्हता. त्या त्याच गाडीच्या केबिनमध्ये सीटमागे गेल्या.

"केबिनला कुलूप होतं," त्या म्हणाल्या. "किल्ली सोमवारपासून या खिळ्याला. प्रफुल्लला ती आज मिळाली, आणि तो तर आत चढायलाही तयार नव्हता. मग चपला आत कोणी ठेवल्या? यानेच मला सांगितलं, धम्मदीप चपला फटफटवत गेला. ज्या चपला याने सीटमागे लपवल्या, त्याच. निघून जाणारा माणूस अनवाणी जात नाही, म्हणून तर मी मयुरीला आधी चपलांचंच विचारलं."

"पण ताई," हवालदार म्हणाले, "नंतर त्या फेकून द्यायला याला दोन दिवस होते."

"होते. पण ठकठक सुरू झाली. भूत आहे असं पसरवून याने लोकांना लांब ठेवलं, लिंबूही बांधायला लावलं. आत कोण आहे हे ठाऊक असूनसुद्धा मग त्या गाडीजवळ जायचं धैर्य याच्यातही उरलं नाही."

अभिरामने मग हवालदारांसमोर सगळं कबूल केलं. प्रमिलाबाईला उडवणारी गाडी त्या दिवशी हौस म्हणून त्यानेच चालवली होती. धम्मदीपने ते समोरून येताना पाहिलं होतं आणि सोमवारी यार्डात अभिरामला तसं तोंडावर सांगितलं होतं. आज तो ठाण्यात जाणार होता, पण प्रफुल्लविरुद्ध नाही. अबोला धरलेल्या प्रफुल्लला सोडवायला. कृष्णकांतांनी यावर घसा खाकरला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"गाडी बंदरावर गेली असती," यामिनीताई म्हणाल्या. "तिथे मागे रांग असते. झाकण उघडायचं, नळी सोडायची, आत कोण बघतो? सिमेंट वरून पडलं असतं. आणि पुढे कधी प्रेत सापडलं असतं तर गाडी कोणाच्या हातात होती? प्रफुल्लच्या."

प्रफुल्लने खिशातली गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

चार दिवसांनी यामिनीताई आणि कृष्णकांत दवाखान्यात गेले. धम्मदीप उठून बसला होता. खाटेशेजारी प्रफुल्ल संत्रं सोलत होता आणि मयुरी त्याला, बिया काढ, म्हणून बजावत होती. दारात रामाजी आला. हातात दांडा नव्हता. तो आत येईना.

"मी पळालो, बाबू," तो तिथूनच म्हणाला. "तू ठोकून राह्यला होता, अन मी भूत म्हनून पळालो. मले तोंड दाखवाची लाज वाटते."

धम्मदीपचा आवाज अजून बसलेला होता. त्याने रामाजीला जवळ बोलावलं.

"काका, आत काळोख होता. मी ठोकणं सोडून दिलतं. कोणी आयकत नाई, आता मरायचंच, असं वाटून राह्यलं होतं. मंग तुम्ही टायर ठोकलं. बाहेर माणूस आहे हे मले तवा समजलं. तुम्ही पळाले, पण परत ठोकायले येसान, या आशेवर मी जागा राह्यलो."

म्हातारा खाटेच्या काठावर बसला आणि धम्मदीपच्या पायावर डोकं ठेवून रडला. मयुरीने खाटेखालून निळ्या दोऱ्याच्या चपला काढल्या, पुसल्या आणि दाराशी, सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या.