पोस्टर आणि तक्रार, एकाच भिंतीवर

मिनोरी स्वतः काढलेलं पोस्टर बघायला हिरोशिमाहून दोन गाड्या बदलून त्सुबाकिउराला उतरली, तेव्हा पोस्टरला नाक लावून एक माणूस आधीच उभा होता. फेब्रुवारीतला बारीक, बोचरा पाऊस पडत होता आणि स्टेशनच्या पत्र्याखाली ते दोघंच होते. तिला आतून गुदगुल्या झाल्या. आपलं काम कुणी इतकं जीव लावून बघावं, याहून चित्रकाराला आणखी काय हवं?

"पाच मिनिटांत हात कापून घेईल ही," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला.

पोस्टर मच्छीमार सोसायटीचं होतं. कालवं फोडणारी तिशीतली एक बाई, मँगा चित्रकथांच्या ढंगात काढलेली. टपोरे डोळे, मोकळं हसू, आणि ओला रबरी एप्रन अंगाला असा चिकटलेला की बघणाऱ्याच्या कल्पनेला काही कामच उरू नये.

"का बरं?" मिनोरीने विचारलं.

"डाव्या हातात मोजा नाही. कालवाचं कवच सुरीपेक्षा जास्त कापतं. आणि हा एप्रन... माझी आई एकतीस वर्षं घालतेय. इतकं जाड रबर असतं, की तिला कंबर आहे की नाही हे मला अजून कळलेलं नाही."

मिनोरीला हसू फुटलं, आणि हसल्याबद्दल स्वतःचाच राग आला. "हे चित्र मी काढलंय," ती म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. आता हा कमरेत वाकून माफी मागेल, असं तिला वाटलं. पण त्याने नुसती मान लववली. नाव शुहेई ताकातोरी, समुद्रात कालवं वाढवायचे बांबूचे तराफे बांधतो, आणि या पोस्टरबद्दल सोसायटीच्या पेटीत तक्रारही टाकलीय, असं त्याने एका दमात सांगून टाकलं.

"मी वीस फोटो बघून काढलंय हे, ताकातोरी-सान."

"फोटोत हात गारठत नाहीत. उद्या शेडमध्ये या."

"ही धमकी आहे की आमंत्रण?"

"ते... तुम्हीच ठरवा."

एवढ्यात गाडी आली आणि गेलीही. तो चढला नाही. का, ते तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गेली, अर्थातच भांडायला. तिथे दहा-बारा बायका कालवांच्या ढिगापुढे ओळीने उभ्या होत्या आणि रेडिओपेक्षा मोठ्याने बोलत होत्या. शुहेईची आई सायोको-सान त्यांतली सगळ्यांत जुनी. तिने मिनोरीच्या हातात मोजे आणि सुरी दिली. मिनोरीचं पहिलं कालव फुटेपर्यंत सायोको-सानची वीस झाली होती. पोस्टरचा विषय निघाला, तेव्हा एकीने असं शरीर असतं तर मी इथे कशाला उभी राहिले असते म्हणून सगळ्यांना हसवलं. सायोको-सान मात्र हसली नाही.

"रोज त्या स्टेशनातून जाते मी," ती म्हणाली. "पुरुष आधी ते चित्र बघतात, मग माझा एप्रन बघतात, आणि मग एकमेकांना कोपर मारतात. मला आवडत नाही ते."

मिनोरीने सुरी खाली ठेवली. "मग मी असं काढूच नये का?"

"असं कुठे म्हटलं मी? तू काढ. मी बोलेन."

त्यानंतर मिनोरी रोज येत राहिली. सोसायटीची आणखी तीन पोस्टरं करायची आहेत, त्यासाठीच येते, असं ती स्वतःला सांगायची. शुहेई तराफ्याच्या दोरीने तिच्या मोज्याची मनगटं बांधून द्यायचा. गाठ मारायला त्याला नको इतका वेळ लागायचा, आणि तिलाही घाई नसायची. तराफे समुद्रात तग धरतात त्याच गाठींवर, असं तो म्हणायचा. तुमची गाठ सुटता सुटत नाही, अशी तिने कुरकुर केली, तर तो खाली बघून हसायचा. तिला तो आवडला होता. एरवी सगळ्यांशी भांडणारी ही मुलगी तेवढं कबूल करायला मात्र घाबरत होती.

आणि मग कुणीतरी पोस्टरचा फोटो इंटरनेटवर टाकला. दोन दिवसांत रान पेटलं. सार्वजनिक जागेत छाती दाखवून कालवं विकता, लाज वाटत नाही का, असं एका बाजूने. चित्रकाराच्या हाताला हात लावाल तर खबरदार, असं दुसऱ्या बाजूने. यातल्या एकानेही कधी कालव फोडलं नसावं. सोसायटीचे चेअरमन देगुचि-सान यांची मात्र पाचावर धारण बसली. पोस्टर उतरलं. एका स्थानिक रहिवाशाच्या तक्रारीवरून उतरवलं, असं जाहीर झालं, आणि मग लोक त्या रहिवाशालाही शोधून झोडपायच्या गोष्टी करू लागले.

मिनोरी तडक तराफ्यांवर गेली. "उतरवलंत ना शेवटी?"

"मी उतरवा म्हटलेलं नाही," शुहेई शांतपणे म्हणाला. "माझं पत्र वाचा."

पत्र सोसायटीच्या कचेरीत होतं. तिथे देगुचि-साननी आधी मिनोरीपुढे कागद सरकवला. चित्रकारानेही मनापासून आत्मपरीक्षण केले आहे, असं तिच्या वतीने लिहिलेलं होतं, खाली सहीपुरती जागा. शेजारी खोक्यांचा ढीग. उद्या चेअरमनसोबत घरोघरी जाऊन मिठाई द्यायची आणि माफीसाठी वाकायचं, की प्रकरण मिटलं. सही नसेल तर पुढची तीन पोस्टरं दुसऱ्याकडे.

"आधी तक्रार दाखवा," मिनोरी म्हणाली.

देगुचि-सान चाचपडले. त्यांनी पहिली ओळ वाचून पत्र फाइलला लावलं होतं. तक्रार आली की आधी माफीचा मसुदा करायचा आणि कारण मागाहून बघायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. मिनोरीने पत्र मोठ्याने वाचलं.

"हे चित्र मला खोटं वाटतं. मोजा नाही, एप्रन असा नसतो, आणि माझ्या आईला यापुढून जाताना मान खाली घालावी लागते. पण उतरवू नका. काढणाऱ्याला शेडमध्ये बोलवा आणि मग जे हवं ते काढू द्या. हसू तेवढं खरं आहे."

मिनोरीचे डोळे भरून आले, पण आवाज नाही हलला.

"सही करणार नाही मी. चुकलं ते मोज्याचं, ते कबूल. सायोको-सानना त्रास झाला, त्यांची माफी मी स्वतः मागेन, मिठाईशिवाय. पण चित्र मागे घेणार नाही. ते द्या माझं मला. आणि हे पत्रही."

तीन पोस्टरं गेली. दुपारी ती शेडमध्ये सायोको-सानपुढे वाकली आणि विचारलं, की इथल्या भिंतीवर हे दोन्ही लावू का? सायोको-सानने हात पुसले.

"लाव. पण खाली कागद ठेव. मलाही लिहायचंय, आणि ते गोड नसणार."

मिनोरीने दोन्ही भिंतीला लावली, एव्हाना शुहेई दारात येऊन उभा होता. पत्राला नाव नव्हतं. सबंध देश शोधत असलेला तक्रारखोर कोण, ते फक्त शेडला ठाऊक होतं. त्याने खिशातून पेन काढलं आणि भिंतीवरच्या पत्राखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"वेड लागलंय का? झोडपतील तुम्हाला," ती म्हणाली.

"तुमचं नाव पोस्टरवर आहे. माझं का नसावं?"

ती बघतच राहिली. "त्या दिवशी गाडी का सोडलीत?"

"त्या एकाच दिवशी नाही..." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "आठवडाभर सोडत होतो. तक्रार लिहायला म्हणून बघायला लागलो होतो. नंतर ते हसू काढणारी कोण असेल, याचाच विचार करत उभा राहायचो. मला तू आवडतेस, मिनोरी. चित्र अजूनही नाही आवडत."

बायकांनी सुऱ्या थांबवल्या. रेडिओ एकटाच बोलत राहिला.

"मलाही तू आवडतोस," मिनोरी म्हणाली. "आणि पुढचं चित्रही मी माझ्याच मनासारखं काढणार."

"काढ," तो म्हणाला. "मी पुन्हा तक्रार लिहीन."

तिने दोन्ही मनगटं त्याच्यापुढे धरली आणि तो खिशात दोरी शोधू लागला.