पाहुण्याचे वजन

काट्यावर कोणी उभे असलेले मोठ्या बहिणीने पाहिले नाही, हे आधीच सांगितलेले बरे. धाकटीनेही पाहिले नाही. दोघींनी पाहिले ते फक्त आकडे; आणि मोठीचा आकड्यांवर जेवढा विश्वास होता, तेवढा माणसांवर कधीच नव्हता. बावीस वर्षे ती वजनमापे विभागात निरीक्षक होती. दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटे जप्त करायचे, खऱ्यांना मोहोर लावायची, हे तिचे काम.

त्या रविवारी सकाळी ती बहिणीकडे गेली, तेव्हा तिच्यामागे चाकांची एक पेटी खडखडत होती. पेटीत वीस किलोची प्रमाणित वजने होती.

"लोक बहिणीकडे येताना फळं आणतात गं ताई," दार उघडत धाकटी म्हणाली. "तू लोखंड आणलंस?"

"फळं नासतात. काटा कुठंय?"

धाकटीला घरात चिमणी म्हणत, कारण लहानपणी ती चांगली गोलमटोल होती. टोपणनावे बहुधा अशीच उफराटी पडतात. आता मात्र ते नाव खरे होऊ लागले होते. दाराच्या कडीवरचा तिचा हात मोठीने क्षणभर न्याहाळला. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे, सुईने पाडलेल्या नव्या भोकात अडकवला होता.

तीन महिन्यांपूर्वी चिमणीने हा काटा घेतला. काळ्या काचेचा, फोनला जोडलेला. रोज सकाळी वजन नोंदवायचा आणि शाबासकी द्यायचा. साठ किलोचे उद्दिष्ट दोन महिन्यांत गाठले गेले. फोनच्या पडद्यावर फुगे उडाले. चिमणीने त्याच दिवशी पथ्य सोडले. वजन उतरायचे मात्र थांबले नाही.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"अभिनंदन म्हणतात." चिमणी हसली, पण ते हसू ओठांवरच राहिले. "सगळे रिपोर्ट चांगले आहेत. मी दोन माणसांचं खाते, ताई. तरी आजचं सत्तावन्न पूर्णांक आठ. तूच सांग, हा काटा खोटा आहे ना?"

तिने आपल्याला कशासाठी बोलावले आहे, हे मोठीला तेव्हा कळले. काटा खोटा निघावा एवढेच तिचे मागणे होते.

न्हाणीघराबाहेरच्या बोळात मोठी गुडघ्यांवर बसली. तिने हातमोजे चढवले, फरशीची पातळी पाहिली. पाच किलो. दहा. वीस. मग तेच वजन चारही कोपऱ्यांवर, एकेक करून. खोटा काटा कोपऱ्यात उघडा पडतो, असे ती नव्या निरीक्षकांना शिकवी. हा पडला नाही. बोळात ओल्या साबणाचा वास होता आणि कुठेतरी हवा शुद्ध करणारे यंत्र एकसुरी घुमत होते.

"खरा आहे," ती म्हणाली.

मोठीने फोन मागून घेतला. नोंदींत दोन नावे होती. एक 'मी'. दुसरे 'पाहुणा'.

"हा कोण?"

"तो कोणी नाही गं. वजन ओळखता आलं नाही की मशीन पाहुणा म्हणून लिहितं. मी बॅग-बिग ठेवली असेल."

"रोज? तू सहा एक्केचाळीसला उभी राहतेस. हा सहा बेचाळीसला."

"तेव्हा मी... आत असते. आंघोळीला."

"मग बॅग कोण ठेवतं?"

न्हाणीघराच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे दोघींनी एकदमच पाहिले.

पाहुण्याची आजची नोंद तेरा पूर्णांक सहाची होती. मोठीने सवयीने बेरीज केली: एकाहत्तर पूर्णांक चार. कालची केली. परवाची केली. मागच्या महिन्यातली कुठलीही तारीख घ्यावी, बेरीज तीच. चिमणीने काटा घेतला त्या दिवशी तिचे वजन नेमके तेवढे होते. ती जितकी उतरली, तितका पाहुणा चढला होता.

मोठी घाबरली नाही. तिला संशय आला. ज्याचा हिशेब दशांशापर्यंत चोख, त्याच्या दुकानाची झडती आधी घ्यावी, हा तिचा अनुभव होता. जिवंत माणसाचे वजन घोटभर पाण्यानेही हलते. तेव्हा फोनमधला हा कारभारच बनावट असणार. पण मग मनगट? ते तर बनावट नव्हते.

तिने पाहुण्याची पहिली नोंद काढली. पाच किलो बरोबर. या काट्यांची जातच अशी, की पाच किलोंच्या आत काटा जागा होत नाही. म्हणजे ती सुरुवात नव्हती. ते त्याआधीही रोज सकाळी तिच्या मागून येऊन उभे राहत असणार. फक्त काट्याला कळत नव्हते.

हे तिने बहिणीला सांगितले नाही.

"उद्या माझ्या ऑफिसात ये. सकाळी, लोक यायच्या आत. आणि रोज ज्या कपड्यांत वजन करतेस, तेच घालून ये."

"साहेबीणबाई, जप्त नाही ना करणार मला?"

"तुझ्यावर मोहोर मारून सोडीन," मोठी म्हणाली. पेटी मात्र तिने नेहमीपेक्षा घाईने बंद केली.

तपासणीची खोली तळमजल्यावर होती. खिडक्या नाहीत, म्हणजे वाऱ्याची झुळूक नाही. आपोआप मिटणारे एकच जड दार. यंत्रतेलाचा वास. मधोमध पोलादी प्लॅटफॉर्मचा मोठा काटा, मोहोरबंद. त्याला फोन ठाऊक नव्हता, नावे ठाऊक नव्हती, कालचा आकडा ठाऊक नव्हता. मोठीने तो स्वतः महिन्यापूर्वी तपासला होता.

पडद्यावर शून्य होते. चिमणीने चपला काढल्या आणि ती एकटी वर चढली.

एकाहत्तर पूर्णांक चार.

"किती?" चिमणीने विचारले. तिच्या बाजूने आकडा दिसत नव्हता. "ताई? किती गं?"

समोर बहिणीची गळ्याची हाडे दिसत होती. पोलादावर पावले दोनच होती.

"उतर," मोठी म्हणाली. "सावकाश... उतर."

चिमणी उतरली. रिकाम्या, चकचकीत प्लॅटफॉर्मवर छताच्या दिव्याचे प्रतिबिंब तेवढे पडले होते. आकडा खाली आला आणि थांबला. तेरा पूर्णांक सहा.

"काय झालं? तुझा चेहरा असा का..."

"काही नाही. बाहेर जा. लिफ्टपाशी थांब."

"पण आकडा तर..."

"चिमणे, जा!"

त्या आवाजात आईच बोलली असावी, कारण चिमणी चपला हातात घेऊनच निघाली. तिच्यामागे दार मिटले. कुलपाची जीभ खटकन बसली. मोठीचे लक्ष पडद्यावरच होते. तेरा पूर्णांक सहा हललेले नव्हते. बहीण बाहेर गेली होती आणि ते तिच्या मागे गेले नव्हते. एवढे पुरे होते. एवढ्यासाठीच तर तिने तिला बोलावले होते.

मग बावीस वर्षांच्या सवयीने तिचे बोट पुढे झाले. एक वजन झाले की दुसऱ्याआधी काटा शून्यावर आणायचा. हात हे डोक्याला विचारून करत नाही. तिने कळ दाबली. काट्याने जे वर होते ते 'काही नाही' म्हणून मान्य केले. शून्य.

"ताई, येतेस ना?" बाहेरून हाक आली. आवाज कितीतरी दिवसांनी भरीव वाटला. "मला भूक लागलीय, खरीखुरी!"

"आले," ती म्हणाली.

आणि पडद्यावर उणे तेरा पूर्णांक सहा उमटले.

उणे आकड्याचा तिच्या धंद्यात एकच अर्थ होतो, आणि तो तिने शेकडो जणांना समजावला होता: शून्य करताना जे काट्यावर होते, ते आता खाली उतरले आहे.

तिने मान वळवून पाहिले. दार बंदच होते. चिमणी गेल्यापासून ते उघडलेले नव्हते.