तिसऱ्या मजल्यावरचा फोन

दिवा बारीकच राहू दे. आणि मधेच कुणी खिदळायचं नाही. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो माझा मित्र आहे, टेलिफोन दुरुस्त करतो. आम्ही त्याला तारमास्तर म्हणतो. काम रात्रीचंच, कारण दिवसा कुणी लाइनी बंद ठेवू देत नाही.

गेल्या जानेवारीतला दुसरा मंगळवार. रात्री साडेअकराला मास्तर एका हॉटेलात गेला. तिथली फोनची यंत्रणा त्यानंच बसवलेली. पाहुण्यानं खोलीतून फोन लावला की कुठे लावला, किती वेळ बोलला, ते यंत्र आपोआप टिपतं आणि बिलात चढवतं. तक्रार साधी होती. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली आठवडाभर कुलूपबंद, तरी तिच्या नावावर रोज रात्री फोन चढतायत.

"तिथला पाहुणा वारला," मॅनेजर म्हणाला. "आजारीच होता बिचारा. घरी कळवलं, पण न्यायला कुणी फिरकलं नाही. आडनाव तुमचंच होतं हो."

मास्तरचा थोरला भाऊ भांडून घर सोडून गेलेला, वर्षानुवर्षं पत्ता नव्हता. मास्तरनं यंत्राचा स्क्रीन उघडला. त्या खोलीतले सगळे फोन एकाच नंबरवर. मास्तरच्या घरच्या.

आता नीट ऐका. जुनी यंत्रं नुसती घंटा फार वेळ वाजली तरी बोलणं झालं असं धरून बिल लावायची. पाहुणे भांडायला उठायचे. म्हणून मास्तरनं इथं वेगळी सोय केली होती. पलीकडे कुणी उचलल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही. आणि भाऊ जिवंत असतानाच्या प्रत्येक फोनची मोजणी झालेली होती.

म्हणजे घरी कुणीतरी उचलत होतं. घरी वहिनीशिवाय, म्हणजे मास्तरच्या बायकोशिवाय, दुसरं कोण? महिनाभर ती सांगत होती, "कुणी मेला सारखा राँग नंबर लावतो."

मास्तर मला म्हणाला, "तेव्हा भीती नाही वाटली रे. घरच्याच माणसानं गळा कापला, एवढंच वाटलं."

तेवढ्यात स्क्रीनवर ती खोली उजळली. फोन लागत होता. कुलूप बाहेरून. किल्ली मॅनेजरच्या हातात. घंटा... घंटा...

मोजणी सुरू झाली.

मास्तर स्कूटर काढून घरी सुटला.

वहिनी अंधारात बसलेली. रिसीव्हर कानाला. चेहरा पांढराफटक.

"दादा आहे?"

तिनं मान डोलावली.

"काय म्हणायचा तो?"

"घरी न्या म्हणायचे... तुम्हाला सांग म्हणायचे. मी सांगितलं, तुमचा भाऊ तुमचं तोंडही बघायला तयार नाही. आजारी माणूस जन्माचा गळ्यात पडला असता हो..."

"आणि आता?"

"आता बोलत नाहीत. मी ठेवला तरी परत वाजतो."

मास्तरनं रिसीव्हर ओढून घेतला. कानाला लावला. काही नाही... मग त्याची नजर खाली गेली. फोनची वायर भिंतीतून उपटलेली.

"ही कधी काढलीस?"

"हॉटेलवाल्यांनी... ते गेल्याचं कळवलं, त्या दिवशी."

मास्तर रिसीव्हरमध्ये हळूच म्हणाला, "दादा, मला ठाऊक नव्हतं रे."

पलीकडे... काहीच नाही.

त्यानं रिसीव्हर खाली ठेवला. हात ओला झाला होता. कान ओला होता, गालावरून पाणी ओघळत होतं. बोलायची बाजू कोरडी ठणठणीत. पाणी येत होतं ते ऐकायच्या बाजूनं.